सांगितलेलं वजन

"तुम्ही पद्मिनीला वजन विचारलंत?"

"विचारलं."

"फोनवर?"

"मग काय, काटा घेऊन तिच्या घरी जायला हवं होतं?"

"अहो, दोन वर्षांनी ती कुठंतरी यायला हो म्हणाली होती! गुरुदत्तसारखा नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नाहीये. किती मिनतवाऱ्या केल्या मी!"

"मग येऊ दे ना. मी कुठे नको म्हटलं? मी फक्त विचारलं, किती येणार."

"किती म्हणजे?"

"पौंडात."

शोभाने हातातलं उलथनं ओट्यावर आपटलं. पण त्याचा म्हणावा तसा आवाज झाला नाही, कारण त्याच्या दांड्यात चार भोकं होती. ती एकनाथरावांनी ड्रिलने पाडलेली होती. घरातल्या प्रत्येक डावाला, झाऱ्याला, अगदी बूट चढवायच्या शू-हॉर्नलासुद्धा अशी भोकं होती. डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीत या माणसाने एकतीस वर्षं एकच काम केलं होतं: गाडीचं वजन कमी करणं. सीटखालच्या पट्टीतून तीन ग्रॅम, दाराच्या बिजागरीतून पाच. "एका गाडीत एक ग्रॅम वाचला की दहा लाख गाड्यांत एक टन वाचतो," हे वाक्य शोभाने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यानंतर ॲन आर्बरच्या या घरात बर्फ पडतो तितक्या वेळा.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. फोन ठेवला."

"ठेवला की आपटला?"

"हल्ली मोबाइल असतो, शोभा. कळत नाही."

मुळात गोची झाली ती ट्रेलरमुळे. दर ऑगस्टमध्ये ही सगळी जुनी मित्रमंडळी लेक सुपिरियरच्या काठावर चार दिवस जात. चाळीस वर्षांची प्रथा. पूर्वी तंबू होते, मग केबिन आल्या. गेल्या वर्षी मात्र चार गाड्या चार दिशांना गेल्या. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याला हायवेवर धडधडायचं, आणि मंजुषाचा नवरा जीपीएसशी भांडून थेट विस्कॉन्सिनला पोचला. तेव्हा ठरलं, की आता एकच गाडी आणि सगळे एकत्र, नाहीतर यापुढे बंद. शिवाय दर चाळीस मिनिटांनी कुणाला ना कुणाला 'जाऊन यायचं' असतं, म्हणून संडास-स्वयंपाकघरासकट ट्रॅव्हल ट्रेलर मागे जोडायचा.

शेजारचा माणूस फ्लोरिडाला निघाला होता. त्याचा सव्वीस फुटी ट्रेलर स्वस्तात मिळाला आणि एकनाथरावांनी तो लगेच घेतला. म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा शोधायला निघाले. आता सहा हजार पौंडांचा तो पांढरा डबा ड्राइव्हवेमध्ये उभा होता आणि तो ओढायला घरात होती एक छोटी हायब्रिड गाडी.

"पिकअप ट्रक घ्या ना काका, सरळ," असं तळघरात भाड्याने राहणारी राधिका म्हणाली होती. राधिका इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. वयाची साठी न ओलांडलेली, हायवेला न घाबरणारी अशी तीच एक, म्हणून ड्रायव्हर म्हणून तिचीच नेमणूक झाली होती.

"ट्रक ओढेल. पण माणसं पाच. बाकीची सात काय ट्रेलरमध्ये बसवू? बेकायदेशीर आहे."

"मग पंधरा सीटवाली मोठी व्हॅन?"

"ती लांब असते. मागचं शेपूट चाकांच्या फार मागे येतं. त्याला ट्रेलर जोडला की वाऱ्यात म्हशीच्या शेपटासारखं हलतं. आणि ती स्वतःच एवढी जड, की वर माणसं घालायला वजनच उरत नाही." एकनाथरावांनी बोट वर केलं. "बारा सीटवाली. आखूड. बारा माणसं, बारा सीट!"

व्हॅन सापडलीही. गावाबाहेरच्या डीलरकडे, राखाडी रंगाची, एकाच मालकाची. ब्रेंट नावाचा सेल्समन म्हणाला, की नऊ हजार पौंड ओढेल. बाकीचा कुणीही तिथेच टाळ्या वाजवून सही करून आला असता. एकनाथरावांनी मात्र ड्रायव्हरचं दार उघडलं, गुडघ्यावर बसले आणि चौकटीवरचा पिवळा स्टिकर चष्मा वर-खाली करत वाचला. माणसं आणि सामान मिळून तीन हजार तीनशे पौंड. त्याहून एक पौंडही जास्त नाही.

"ओढायची ताकद विचारू नये," घरी येऊन त्यांनी शोभाला समजावलं. "अंगावर किती घेते ते विचारावं. ट्रेलरची मान व्हॅनच्या पाठीवर टेकते. ते सातशे पौंड तिच्याच अंगावर. उरले सव्वीसशे. सामान सहाशे, ते मी स्वतः मोजलंय."

मोजलं होतं खरंच. कुकर, मेतकुटाचा डबा, भडंग, लोणच्याच्या तीन बरण्या, बारा उशा. सूटकेस टांगायच्या काट्याला एकेक पिशवी अडकवून गॅरेजमध्ये दोन दिवस हा सोहळा चालला होता. शोभाचा लोखंडी खलबत्ता, नऊ पौंड, त्यांनी यादीतून लाल पेनने उडवला होता.

"आलं कशात कुटू?"

"किसणी. पाव पौंड."

"किसलेल्या आल्याचा चहा मी चाळीस वर्षं केला नाही, यंदाही करणार नाही."

तो मुद्दा तेव्हा तसाच राहिला होता.

"मग माणसांना उरले दोन हजार," एकनाथराव पुढे म्हणाले होते. "आता माणसांचं वजन नको का कळायला?"

आणि त्यांनी एकेकाला फोन लावला. शोभाने बाजूच्या खोलीतून ऐकलं होतं आणि उशीत तोंड खुपसलं होतं. एकाने विचारलं, "जेवणाआधीचं सांगू की नंतरचं?" एक म्हणाला, "डॉक्टरला सांगतो ते, की खरं?" मंजुषाने चटकन सांगितलं, "एकशे दहा." ते तिचं लग्नातलं वजन होतं, शालूशिवाय. राधिका तेवढी सरळ म्हणाली, "एकशे अठ्ठावीस, काका, सकाळी उपाशीपोटी." शोभाने स्वतःचा आकडा कागदावर लिहिला, घडी घातली, आणि घडी उघडली तर सोडून जाईन असं बजावलं. एकनाथरावांनी ती तिच्यासमोरच उघडली आणि शहाण्या माणसासारखं तोंड बंद ठेवलं.

पद्मिनीने मात्र फोन ठेवला.

आणि आता बुधवार होता. ब्रेंटने व्हॅन फक्त शुक्रवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती.

"मी तिला फोन करते," शोभा म्हणाली. "आणि तुम्ही माफी मागा."

"कशाची? गणिताची?"

तेवढ्यात फोनच वाजला. पद्मिनी! शोभाने स्पीकर लावला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की ते हातातला कागद पाठीमागे धरून उभे राहिले.

"शोभा, तुझा नवरा आहे का तिथे?"

"आहेत गं. आणि त्यांना फार वाईट—"

"एकनाथराव, माझं काम काय होतं?"

"तुम्ही... भूल द्यायचात, वहिनी."

"तेहतीस वर्षं. भूल वजनावर देतात. आणि तेहतीस वर्षांत मी पेशंटने सांगितलेल्या वजनावर कधी, म्हणजे एकदाही, औषध काढलं नाही. का? कारण माणूस वयात खोटं बोलतो ते दोन-चार वर्षांचं. वजनात बोलतो ते वीस-वीस पौंडांचं. तुम्ही फोनवर आकडे गोळा करताय, आणि त्यावर बारा जणांचा जीव टांगणार? मला संताप आला तो याचा."

एकनाथराव हिरमुसले. "मी दहा टक्के संकोच-भत्ता धरलाय, वहिनी."

"भत्ता! काट्यावर घ्या सगळ्यांना."

"काट्यावर कुणी चढणार नाही," शोभा म्हणाली. "मी तर मुळीच नाही."

पद्मिनी म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जुना खट्याळपणा होता, "एकेकटं कशाला? ट्रक तोलतात तो काटा नाही का हायवेला? व्हॅन रिकामी तोला. मग सगळे आत बसा आणि पुन्हा तोला. कुणाचं किती ते देवाला ठाऊक. बेरीज तेवढी खरी."

एकनाथरावांनी कागद पुढे घेतला. डोळे चमकले. "वहिनी, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता डीलरशेजारच्या ट्रक स्टॉपवर ही वरात उतरली. ब्रेंट चावी देऊन बाजूला उभा राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत टेस्ट ड्राइव्हला एवढे लोक आलेले त्याने पाहिले नव्हते. राधिकाने व्हॅन काट्यावर घेतली, बटण दाबलं. खांबावरच्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला, ट्रकचा नंबर काय?

"ट्रक नाहीये, मॅम," राधिका इंग्रजीत म्हणाली. "आजी-आजोबा आहेत."

ती खाली उतरली. रिकामी व्हॅन: सहा हजार दोनशे ऐंशी.

"आता बसा!" एकनाथरावांनी कागद हलवला. "मागची रांग आधी! आत जाताना वाकून! मंजुषा, ती पर्स खाली ठेव, पर्स सामानात मोजली आहे!"

"माझी पर्स माझ्याबरोबरच राहील!"

"अरे, माझा पाय अडकलाय."

"तो माझा पाय आहे."

"पट्टा कुठे याचा?"

"तू पट्ट्यावरच बसलायस, यार."

अठरा चाकी ट्रकमधला एक दाढीवाला ड्रायव्हर कॉफी पीत थांबून बघत राहिला. पद्मिनी सगळ्यांत शेवटी आली, पुढची खिडकीची जागा पाहिली, आणि कुणाला न विचारता बसली. शोभा तिच्या मागच्या सीटवर आधीच बसली होती. पद्मिनीच्या खांद्यावर शाल होती, गुरुदत्त दर सहलीला न्यायचा तीच. शोभाने मांडीवरची पिशवी जरा घट्ट धरली.

राधिका स्टिअरिंगवर बसली, दारं बंद झाली, बटण दाबलं गेलं. एकनाथराव बाहेर उभे राहून देखरेख करत होते, सवयच ती. ते दुकानात जाऊन चिठ्ठी घेऊन आले, आणि परत येताना त्यांची चाल मंदावत गेली.

"किती?" आतून अकरा जण ओरडले.

"आठ हजार एकशे वीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही अकरा जण अठराशे चाळीस पौंड आहात." त्यांनी कागद पाहिला. "आणि वहिनींचा माझा अंदाज धरूनही मला सांगितलंत चौदाशे शहाऐंशी. माझा भत्तासुद्धा बुडाला! साडेतीनशे पौंडांची शुद्ध थाप! दोन अख्खी माणसं तुम्ही माझ्यापासून लपवलीत!"

व्हॅनमध्ये असा हशा उसळला की ती काट्यावर हलली. मंजुषा म्हणाली, "एक माणूस मीच आहे, कबूल!"

पद्मिनीने खिडकीची काच खाली केली. "पण जमतंय की नाही?"

"दोन हजारांतून अठराशे चाळीस गेले," राधिका म्हणाली. "एकशे साठ उरले."

"कुणासाठी उरले?" शोभाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

अकरा माना एकदम बाहेर वळल्या. मे महिन्याच्या उन्हात, हातात लाल पेन, पोटावरून सरळ खाली न येऊ शकणारा शर्ट, असे एकनाथराव उभे होते.

"एकनाथराव," पद्मिनी गोड आवाजात म्हणाली, "कागदावर तुमचं किती लिहिलंय?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"ते त्यांच्या लायसन्सवर आहे," शोभा म्हणाली. "एकोणीसशे ब्याण्णवच्या."

"मग या ना, बसा. बारावी सीट तुमचीच आहे. राधिका पुन्हा बटण दाबेल." पद्मिनीने शाल सावरली. "मी तर येतेच आहे, बाई. मी काही आता या सीटवरून उठत नाही. प्रश्न तुमचाच उरलाय. बसलात की जो आकडा वाढेल..."

"तो फक्त एकाचाच असेल," राधिका हळूच म्हणाली.

ब्रेंटने दुरून अंगठा वर करून विचारलं, घ्यायची का?

एकनाथरावांनी व्हॅनकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. मग त्या अकरा जणांकडे, ज्यांचं कुणाचंच वजन कुणालाही कळलं नव्हतं. एकतीस वर्षं तीन-तीन ग्रॅम तासलेल्या माणसाने शर्ट नकळत खाली ओढला.

शोभाला हसू आवरेना, आणि कीवही आली. तिने मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून लोखंडी खलबत्ता काढून खिडकीतून बाहेर धरला.

"अहो, हा ठेवते घरी. नऊ पौंड. एकशे एकोणसत्तरात बसता का?"

एकनाथरावांनी पेनला टोपण लावलं, कागदाची चार घड्यांची चिठ्ठी करून खिशात घातली, ब्रेंटकडे बघून अंगठा वर केला, आणि "ऑगस्टला अजून तीन महिने आहेत," एवढंच म्हणून पार्किंगमधून ताठ, झपझप पावलं टाकत चालू लागले.