साखळीचा तांब्या

ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की मला कडावची आमची न्हाणी आठवते. चुलीवर हंडा, शेजारी कोमट पाण्याचं घंगाळ आणि दोन्हींत सारखेच पितळी तांबे. माझा थोरला तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा होता. त्या सकाळी वाफ इतकी दाटली होती की त्याला पायांवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी घंगाळातल्या तांब्याऐवजी हंड्यातला उचलला आणि कढत पाणी पोराच्या पावलावर पडलं. फोड लवकर बरे झाले, पण सासूबाई त्याला हात लावीनात. तो त्यांच्याकडे झेपावला की त्या पदराखाली हात लपवायच्या. असं किती दिवस चालणार? मी गोठ्यातली जुनी साखळी आणली आणि हंड्याचा तांब्या भिंतीतल्या खुंटीला इतका आखूड बांधला, की तो घंगाळापर्यंत पोचावा, सासूबाई बसायच्या त्या पाटापर्यंत नाही. म्हटलं, "बघा ओढून, आत्याबाई. आता चुकायचं म्हटलं तरी चुकता यायचं नाय." त्यांनी जोर लावून ओढला. मग म्हणाल्या, "तांब्याला बांधलंस गं, मला कुठं बांधलंस?" तरी त्या दिवसापासून त्या पोराला न्हाऊ घालू लागल्या. मात्र घंगाळातला प्रत्येक तांब्या आधी स्वतःच्या गुडघ्यावर ओतून बघायच्या, मग थोडं त्याच्या अंगावर. निम्मं पाणी तिथंच जायचं. मग मी विहिरीवरून रोज एक घागर जास्त आणू लागले. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण नातीच्या अंघोळीचं पाणी भरताना अजूनही माझ्याकडून एक घागर जास्तच भरली जाते.