एकोणचाळीस किलो गेले कुठे?

मशीनवर आकडा आला ४६.८. मी म्हटलं, "सुभद्राताई, उतरा आणि परत चढा." परत ४६.८. तिसऱ्यांदा मशीनने आधी एरर दाखवलं, मग ४७.१. समोर उभी असलेली बाई तेरा महिन्यांपूर्वी एकशे सहा किलोची होती. आता सदुसष्ट. अंगावरचं पोलकं तीनदा उसवून शिवलेलं. आणि मशीन म्हणत होतं की ही बाई अजून जवळजवळ अर्धी चरबीच आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी जालन्यात एका खासगी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते. तेव्हा आमच्या भागात या धंद्याची कुणाला ओळख नव्हती. लोक मला 'पथ्याच्या म्याडम' म्हणायचे. निम्मे पेशंट तर डॉक्टरांनी पाठवलं म्हणून तोंड वाकडं करून यायचे आणि घरी जाऊन जे खायचं तेच खायचे. सुभद्राताई त्यातल्या नव्हत्या. बेचाळीस वर्षांची ही शेतकरी बाई भोकरदनच्या पलीकडून, पिंपळगाव रेणुकाईहून, दर पंधरा दिवसांनी एसटीने यायची. मी भाकरी दीड सांगितली तर दीडच. साखर बंद म्हटलं तर घरच्या लग्नातसुद्धा बुंदीला हात लावला नाही. असा पेशंट मला पुढे कधी मिळाला नाही.

कारण तसंच होतं. धाकटा भाऊ प्रल्हाद, राजूरला सायकलचं दुकान होतं त्याचं. चौतिसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा औरंगाबादला डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त धुऊन घ्यायचं. किडनी जुळली ती एकट्या सुभद्राताईंची. पण सर्जन म्हणाले, एकशे सहा किलोच्या बाईला मी टेबलावर घेणार नाही, वजन उतरवा. त्यांनी उतरवलं. मग सर्जनना शंका आली की इतक्या लवकर उतरलं ते उपाशी राहून तर नाही? चरबी गेली की स्नायू गेले, याचा रिपोर्ट आणा म्हणाले. चरबी पस्तीस टक्क्यांच्या आत असली तर तारीख देतो. त्या रिपोर्टसाठी त्या माझ्यासमोर मशीनवर उभ्या होत्या.

आता हे टक्के म्हणजे काय ते सांगते. वजनकाटा पोत्याचं वजन सांगतो, पोत्यात ज्वारी आहे की माती ते सांगत नाही. शरीरात हाडं, स्नायू, पाणी, चरबी असं सगळं असतं. त्यातला चरबीचा वाटा शंभरात किती, तो आकडा म्हणजे बॉडी फॅट. आमचं मशीन नवंकोरं होतं, तीन महिन्यांचं. वर दोन स्टीलच्या पट्ट्या. अनवाणी उभं राहायचं, एका तळपायातून बारीकसा करंट आत जातो, दुसऱ्यातून बाहेर येतो. स्नायूंत पाणी असतं, तिथून करंट सहज जातो. चरबीत अडतो. जितका अडला तितकी चरबी, असा मशीनचा सरळ हिशेब. कंपनीचा माणूस आला होता, त्याने पाच मिनिटांत समजावून सांगितलं, चहा प्यायला आणि गेला. मी त्या मशीनवर इतकी खूश होते की भावजयीला, शेजारणीला, दवाखाना झाडणाऱ्या मावशींना, सगळ्यांना त्यावर चढवून झालं होतं.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, चिमट्याने बघा. हा चिमटा म्हणजे दंडामागची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायची. तोही आकडा भरमसाट आला.

"दोन्ही जुळतंय ना? मग लिहा आणि पाठवून द्या," डॉक्टर म्हणाले.

मी लिहिलं. आकडा लिहिला आणि त्याखाली माझ्या सुवाच्य अक्षरात एक ओळ टाकली : स्नायूंची मोठी झीज, किडनी देण्यास सध्या अयोग्य. मग बाहेर येऊन सुभद्राताईंना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, एकोणचाळीस किलो गेलं. चरबी जर हाय तितकीच हाय, तर मंग माझं गेलं काय?"

मी म्हटलं, "ताकद गेली, ताई. अंगातलं मांस गेलं." त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या एसटी गाठायला निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी खरं तेच सांगितलं याचा थोडा ताठाही होता. देवा रे, काय अक्कल होती ती.

अकराव्या दिवशी प्रल्हाद आला. आधी ओळखलाच नाही मी त्याला. तोंड सुजलेलं, खुर्चीपर्यंत येईतो धाप लागलेली. म्हणाला, मी आल्तो हे आक्काला सांगू नका. आक्काने चरबी उतरवायची म्हणून जेवण जवळजवळ सोडलं होतं, सकाळी अर्धी भाकर आणि दिवसभर पाणी. मी म्हटलं, तिला घेऊन या, मी बोलते. तर तो खाली बघून बोलायला लागला.

"मी डायलिसिसला जाणं बंद केलंय. दोन पाळ्या झाल्या. ती माझ्यापायी मरून राह्यली म्याडम. मीच न्हाई राह्यलो तर ती जेवंल तरी."

मी एका कागदावर एक आकडा लिहिला होता, आणि त्या आकड्याने अकरा दिवसांत एकीचं जेवण तोडलं होतं, दुसऱ्याचा जीव घ्यायला निघाला होता. मी त्याला इतकं झाडलं की बाहेरचे पेशंट डोकावून बघायला लागले. आमच्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, त्याला स्वतःच्या गाडीत बसवलं आणि तडक औरंगाबादला डायलिसिसला धाडलं. गाडीत बसता बसता तो मला म्हणाला, आक्काला आवरा, उपाशीपोटी बी काल तिनं खताचं पोतं एकटीनं ओढून घरात घेतलं.

ते पोतं माझ्या डोक्यातून जाईना. खताचं पोतं पन्नास किलोचं. मी रिपोर्टची कॉपी काढली आणि जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते तेव्हा केलं, साधी वजाबाकी. सदुसष्ट किलोतली सेहेचाळीस पूर्णांक आठ टक्के चरबी म्हणजे एकतीस किलो. उरले छत्तीस. त्या छत्तीस किलोंत हाडं, रक्त, काळीज, आतडी, स्नायू, सगळं आलं. माझी सहावीतली भाची छत्तीस किलोची होती, तिला पाण्याची कळशी उचलत नव्हती. आणि ही बाई पन्नास किलोचं पोतं ओढते? आकडा चुकीचा होता आणि मी तो तीनदा बघूनही गिळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीन पिशवीत घालून मी पिंपळगावला गेले. सुभद्राताई शेतात होत्या. त्यांच्या लेकीने मला पाय धुवायला पाणी दिलं, बाजेवर बसवलं आणि आईला हाक मारायला गेली. त्या आल्या, माझ्यासमोर जमिनीवर पाय पसरून बसल्या, आणि त्यांचे तळपाय माझ्याकडे झाले.

तसे तळपाय मी त्याआधी पाहिले नव्हते. काळे, जाड, भेगांत माती घट्ट बसलेली. बोट लावलं तर चामड्याला लावल्यासारखं. मी विचारलं, चपला कुठं आहेत तुमच्या?

"चपला सोडल्यात मी. रेणुकाईला नवस बोलले. प्रल्हादला बरं वाटस्तोर पायात काही घालणार न्हाई. चौदावा महिना चालू हाय."

उन्हाळा, चिखल, कापसाच्या तुटलेल्या पऱ्हाट्या, सगळं या पायांनी तुडवलं होतं. आणि मला पत्ता नव्हता. आमच्या दवाखान्यात सगळेच चपला दाराबाहेर काढून आत येतात. आत कोणाच्याच पायात काही नसायचं. कोणी चपला बाहेर सोडून आलंय आणि कोणी चपलेविनाच एसटीतून उतरलंय, हे खुर्चीवर बसलेल्या म्याडमला कसं कळणार? मी वर्षभर या बाईला सकाळी काय खाल्लं, दुपारी काय खाल्लं एवढंच विचारत बसले.

मी आधी स्वतः मशीनवर चढले. माझं नेहमीचंच रीडिंग आलं, म्हणजे मशीन ठीक होतं. मग पाणी गरम करायला लावलं आणि सुभद्राताईंचे पाय अर्धा तास घमेल्यात बुडवून ठेवले. वजरीने मी स्वतः घासले. त्या संकोचून पाय मागे ओढत होत्या, म्हणत होत्या नवस मोडंल. मी म्हटलं, पाय धुतल्याने कुठल्या देवीचा नवस मोडत नाही, गप बसा. ओल्या फडक्याने तळवे पुसले आणि ओलसर पायांनीच चढायला लावलं.

३२.६.

मी तीनदा घेतलं. तीनदा तेहेतीसच्या पुढे गेलं नाही. बारा दिवसांपूर्वी करंट अडला होता तो चरबीत नाही, तळपायाच्या सुक्या, जाड कातडीत. मशीनला फरक कळत नाही. त्याला अडथळा दिसला, त्याने चरबी म्हटलं. आणि चिमटा? इतकं वजन उतरलं की कातडी सैल होऊन लोंबते. चिमटीत चरबीऐवजी तीच दुमडून येते आणि आकडा फुगतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. दोन खोट्या साक्षीदारांनी एकच जबानी दिली आणि मी लगेच निकाल देऊन मोकळी झाले. घरी जाऊन मशीनचं पुस्तक उघडलं, तर तळवे स्वच्छ आणि ओलसर असावेत, कातडी जाड असल्यास रीडिंग चुकू शकतं, असं पाचव्याच पानावर छापलेलं. पुस्तकाचं प्लास्टिक मी त्या दिवशी पहिल्यांदा फाडलं.

त्या दिवशी सुभद्राताईंना समोर बसवून दोन भाकरी खायला लावल्या आणि मगच उठले. आमचे डॉक्टर नव्या रिपोर्टवर कुरकुरले. गेलेला रिपोर्ट फिरवला तर दवाखान्याचं नाव जातं म्हणाले. मी म्हटलं, नाव माझं घाला, चूक माझीच आहे. आणि कागद घेऊन स्वतः औरंगाबादला गेले. सर्जननी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. मी तळपाय, करंट, चिमटा असं सगळं सांगायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मॅडम, तुमचा तो आकडा मी धरलाच नव्हता. रिपोर्ट मी मागितला, पण तो या पायाच्या मशीनचा निघाला, त्यावर माझा विश्वास नाही, मी इथे परत मोजून घेतलं असतं. पण खाली तुम्ही 'अयोग्य' लिहिलंत. पेशंटला वर्षभर बघणारी बाई अयोग्य म्हणते म्हटल्यावर मी फाइल बंद केली."

मला तोंड वर करून बघवेना. सगळा दोष मशीनवर टाकायची तयारी करून मी गेले होते. आकडा मशीनने दिला होता, पण फाइल माझ्या ओळीने बंद झाली होती, आणि ती ओळ मला कोणी मागितली नव्हती. त्यानंतर मी रिपोर्टमध्ये मोजलेलं तेवढं लिहिते. कसं मोजलं तेही लिहिते. योग्य-अयोग्य ठरवायला ज्याला बसवलंय त्याला ठरवू दे.

दहा आठवड्यांनी ऑपरेशन झालं. मधल्या काळात प्रल्हादच्या फुप्फुसात पाणी झालं, चार दिवस तो आयसीयूत होता. ते पाणी त्या चुकवलेल्या दोन पाळ्यांचं होतं असं कोणी मला तोंडावर म्हणालं नाही. मला माहीत आहे. पण तो निभावला आणि किडनी चालली.

पाचव्या दिवशी मी दोघांना बघायला गेले. सुभद्राताई उशीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, म्याडम, एका किडनीचं वजन किती असतंय? मी सांगितलं, दीडशे ग्रॅम, फार तर.

"दीडशे ग्रॅम? आन् त्याच्यासाठी माझे एकोणचाळीस किलो घेतले व्हय तुम्ही?"

टाके दुखतात म्हणून पोट धरून त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.