फिरकीच्या तांब्यातली मार्गारिटा

मालक शेतातून घरी आले की मी दारातच त्यांची कॉलर झटकते. कधी काडी असते, कधी कोळ्याचं जाळं, बहुतेक वेळा काहीसुद्धा नसतं. पण कॉलर झटकायची म्हणजे जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की तोंडाचा वास कळतो. तेवढ्यासाठीच माझा हा उद्योग. ते मान जरा वाकडी करून उभे राहतात, मी झटकते, मग चहा टाकते. एवढ्या जुन्या लग्नात नवऱ्याच्या कॉलरीची इतकी काळजी करणारी बाई म्हणून शेजारणीला माझं मोठं कौतुक. करू दे बापडीला.

मालकांची दारू सुटली ती कालव्याच्या चारीत. पिऊन कोरड्या चारीत झोपले होते आणि वरून पाण्याचं आवर्तन सुटलं. रानात पाणी धरायला आलेल्या माणसांनी काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं म्हणून वाचले. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाची तपासणी केली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, याच्यापुढं एक घोट जरी गेला तर माझ्याकडे आणू नका, मला काही करता येणार नाही. घरी आल्यावर मालकांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. आमच्या कर्जत भागात अशीच कितीतरी जणांची सुटली आहे. बायकोला कुणी भीत नाही, माळेला भितात.

माळ आली तशी घरात भांड्यांची वाटणी झाली. पाव्हण्यांसाठी कधी मटण करावं लागलं तर ते विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तीन दगडांच्या चुलीवर. तिथलं जर्मनचं पातेलं, पळी, ताटल्या तिथंच राहतात, त्यांनी घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. घरातली भांडीही तिकडच्या चुलीवर चढत नाहीत. आमच्यात भांडं बघितलं की आत काय आहे ते कळतं, विचारावं लागत नाही.

आता माझा धाकटा भाऊ. पुण्यात कंपनीत आहे. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि हिवाळ्यात तो बायकोला घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडं हुरड्याला आला. गाडीतून उतरला तो हातात बाटली आणि बर्फाचा डबा घेऊनच. साहेबानं परदेशातून आणून दिलेली म्हणे.

"ताई, मेक्सिकोची हाय. हिनं मोबाईलवर बघितलंय, पेरूची मार्गारिटा करायची. पेरू तुमचं, लिंबू बांधावरचं, नुसती बाटलीच काय ती बाहेरची."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "तुला काही लाज वाटती का? दाजींच्या गळ्यात माळ हाय अन् तू बाटली नाचवत येतो?"

"दाजींनाच फोनवर इचारलंय मी. त्यांची वेगळी करू, बिगर दारूची. ते म्हणले, आन."

मालक मागे उभे होते. "करू दे की," ते म्हणाले. "मी काय कुक्कुलं बाळ हाय? रोज परमिट रूमवरून जातोच ना."

मेहुण्यापुढं नाही कसं म्हणायचं, हा सगळा त्यातला प्रकार. नाक आडवं येतं पुरुषांचं. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते आणि ते बाटलीकडं बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

मग मी अटी घातल्या. बाटली घरात येणार नाही, जे काय करायचं ते शेडमध्ये. माझ्या मिक्सरच्या भांड्यात दारूचा थेंब पडणार नाही. पेरूचा गर आधी तसाच करायचा, त्याचे दोन भाग करायचे. मालकांचा आणि माझा भाग घरातल्या फिरकीच्या तांब्यात, म्हणजे प्रवासाला न्यायचा, झाकण फिरवून घट्ट बसणारा तो तांब्या. त्यांचा भाग बाहेरच्या पातेल्यात, आणि दारू फक्त तिथंच. भाऊ म्हणाला, "व्हय बाई, व्हय." भावजय आपली माझ्या तोंडाकडं बघत मान हलवत होती. तिला पातेलं आणि तांब्या यातला फरक कळला असेल असं मी धरून चालले.

पेरू मालकांनीच आणले. झाडावरच अंगठ्यानं दाबून बघत, आतून गुलाबी निघणारे, जरा जास्तच पिकलेले. मी साली काढल्या, मिक्सरला फिरवून चाळणीतून गाळले, बिया वर राहिल्या. त्यात लिंबू पिळलं, खडीसाखर घातली. संत्र्याची कसलीशी दारूही लागते म्हणे, ती नव्हती, म्हणून भावजयीनं मोसंबीचा रस घातला आणि एक हिरवी मिरची चिरून टाकली. ग्लासच्या कडेला लिंबू चोळून ती तिखट-मिठात बुडवायची, हे ऐकल्यावर मात्र मला हसू आलं. पेरूला तिखट-मीठ लावायला मेक्सिकोला कशाला जायला पाहिजे?

"ताई, जरा चव बघा ना," भावजय म्हणाली.

"आमच्यात देवाला दाखवल्याबिगर चव घेत न्हाईत."

"पण हे कुठं देवाला दाखवणार आपण?"

"सवय हाय," मी म्हटलं. तिच्याशी वाद घालायला मला सवड नव्हती. घेतली असती सवड तर बरं झालं असतं.

गराचे दोन भाग मी माझ्या हातानं केले. तांब्या भरला, उरलेलं पातेल्यात ओतलं. मग भावानं बाटली उघडली. स्पिरिटसारखा उग्र वास सगळ्या शेडभर झाला. मालक बाहेर आगटीजवळ बसून भाजलेली कणसं तळहातावर चोळत होते. त्यांची पाठ आमच्याकडं होती. झाकण उघडलं आणि त्यांचे हात थांबले. मी बघितलं. जरा वेळानं पुन्हा चोळायला लागले, पण नको तेवढ्या जोरात.

मी घरी चटणी आणि दही आणायला गेले. घर काही लांब नाही, तरी सगळी वाट मी मागे वळून बघत गेले आणि येताना पळतच आले. मालक जागेवरच होते. भाऊ त्यांच्याशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होता. शेडमध्ये भावजयीनं चार ग्लास मांडून ठेवले होते, लाल कडेचे, फोटो काढण्यासारखे. तांब्या बर्फानं गार पडून बाहेरून ओला झाला होता. पातेल्यावर ताटली झाकलेली.

"मी ओतू का?" तिनं विचारलं.

"नको, मी वतते." मालकांचा ग्लास दुसऱ्या कुणी भरायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. तांब्यातलं मालकांना ओतलं, मला ओतलं. पातेल्यातलं पळीनं त्या दोघांना घातलं. वासाचं काय सांगू, बाटली उघडल्यापासून जिकडं तिकडं तोच वास, त्यात आगटीचा धूर. एरवी माझं नाक एवढं तिखट, पण त्या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता. मी भांड्यावर विसंबले.

मालकांच्या हातात ग्लास मीच दिला.

भावानं आपला ग्लास वर केला. मालकांनीही केला, मग तोंडाजवळ नेला, आणि तिथंच थांबले. कडेचं तिखट-मीठ त्यांच्या खालच्या ओठाला लागलं होतं. त्यांनी ग्लासात बघितलं. मग तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. लग्न झाल्यापासून त्या माणसानं मला शिव्या दिल्यात, रडवलंय, पण असं बघितलं नव्हतं कधी.

"परीक्षा घ्यायची व्हती तर घरात घ्यायची," ते हळू म्हणाले. "पाव्हण्यांसमोर कशाला?"

मला काही कळेना. "कसली परीक्षा?"

त्यांनी ग्लास शेजारच्या बाजेच्या कडेला ठेवला. ठेवला, पण सोडला नाही. पाची बोटं ग्लासाभोवती तशीच, नखं पांढरी पडलेली. आगटीत कणीस तडतडलं. मी माझा ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. आधी पेरू लागला, गोड, मग मिरची, आणि मग घशातून खाली जाळ उतरत गेला. जन्मात मी दारूला शिवले नव्हते, पण ती दारू आहे हे काय कुणी सांगायला पाहिजे?

घरातल्या तांब्यातली दारू मी माझ्या हातानं नवऱ्याला दिली होती.

"तांब्यात काय घातलंय?" मी विचारलं.

भावजयीचा चेहरा उतरला. "ते बर्फ घालून हलवायचं असतं ना, आणि झाकणाचं एवढं एकच भांडं होतं... म्हणून मी दारू त्यातच घातली आणि पातेल्यातलं तसंच तुमच्यासाठी ठेवलं. तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही मीच ओतते म्हणालात आणि मी कणसं आणायला वळले..." आणि ती रडायलाच लागली. तिच्या माहेरी सगळं एकाच ओट्यावर, एकाच कपाटात. तिला भांडं म्हणजे भांडं. तिच्यावर कसं ओरडणार? भावावर ओरडले. जे तोंडाला आलं ते बोलले, ते इथं लिहीत नाही.

मग मी वाकून मालकांची बोटं एकेक करून ग्लासावरून काढली. त्यांनी काढू दिली. भावानं तांब्यातलं सगळं पेरूच्या आळ्यात ओतायला घेतलं, तर ते म्हणाले, "झाडाला न्हाई. बांधावर वत." एवढं बोलून ते उठले आणि बागेत चालू लागले.

दिवस मावळतीला आला होता. दोन ओळींच्या मधून त्यांचा पांढरा शर्ट जाताना दिसला, मग दिसेनासा झाला. बागेच्या पलीकडं डांबरी रस्ता, आणि रस्त्यावर ते परमिट रूम. नुसता वास गेला असेल नाकात, पण वासानंच किती माणसं परत गेलेली मी बघितली आहेत. मी चप्पल घालायलाही थांबले नाही. ढेकळांतून जाताना मनात डॉक्टरांचं तेच वाक्य, माझ्याकडे आणू नका, माझ्याकडे आणू नका. हाक मारायची होती, पण घशात अजून जळजळ होती.

रस्त्यावर ते नव्हते. चारीवर होते. चारीला पाणी चालू होतं. काठावर उकिडवे बसून ते ओंजळीनं पाणी घ्यायचे, चूळ भरायचे, थुंकायचे, पुन्हा घ्यायचे. मी शेजारी जाऊन बसले.

"आत गेली का?"

"मीठ लागलं नुसतं."

"मला म्हाईत नव्हतं. देवाशपथ. तिनं भांडी बदलली."

"कळलं मला." ते पाण्याकडं बघत होते. पुन्हा एकदा चूळ भरली. मग म्हणाले, "वास आला अन् हात आपसूक वर गेला. माझा मी नेलाच न्हाई. पन तू वतलेली. म्हनलं, ही बया बघती हाय, मी पितो का ते. राग आला लई. म्हनून थांबलो."

मी पायाला लागलेली माती काढत बसले.

"दुसऱ्या कुनी वतली असती तर..." ते म्हणाले, आणि पुन्हा ओंजळ भरली. पाणी आवाज न करता जात होतं. याच चारीत, थोडं वरच्या अंगाला, त्यांना बाहेर काढलं होतं.

उठायच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावरून काहीतरी उचललं. म्हणजे उचलल्यासारखं केलं, कारण खांद्यावर काहीच नव्हतं. त्यासाठी ते जवळ वाकले आणि नाकानं हळू श्वास घेतला, अगदी मी घेते तसा. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्यांना काय कळतंय.

"लई वास येतोय," ते म्हणाले. "चूळ भर."

मी चूळ भरली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा भरली. त्या वेळी मला रडायला आलं, ते पाण्यात धुऊन गेलं म्हणून बरं. परत गेलो तेव्हा भाऊ आणि भावजय पातेल्यातलं बिगर दारूचं पेरूचं पाणी घेऊन बसले होते. मालकांनी आगटीत नवी कणसं टाकली, भावजयीला म्हणाले, "चटणी घ्या, लाजू नका," आणि तो विषय तिथंच संपला. तांब्या मी चिंचेनं घासला, तरी घरात नेला नाही. तो शेडमध्येच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे गेले. दिवसभर मी एकच गोष्ट घोकत होते. आता कॉलर झटकायची की नाही? झटकावी तर कोणत्या तोंडानं, आणि न झटकावी तर जीव कसा टिकायचा? कुणी म्हणेल, आता तरी विश्वास ठेव. ज्याला विश्वास ठेवायचा त्यानं ठेवावा. मी चारीवर त्यांचं बोलणं ऐकलं आहे.

संध्याकाळी ते आले. मी चुलीपाशीच बसून राहिले, उठले नाही. ते दारातून आत आले, पायसुद्धा न धुता सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मान वाकडी केली. मी उठले. कॉलर झटकली. वास घेतला. घामाचा होता, मातीचा होता, पेरूचा होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग टाक चहा."