वरखालीकाकांचा पहिला क्रमांक

वरखालीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा उभा जन्म गेला त्याला लोक दुसरं काय म्हणणार? माणूस शिडशिडीत, बोलणं मोजकं, बोटांच्या पेरांत ग्रीसची काळी रेघ कायमची बसलेली. जेवायच्या आधी कितीही साबण लावला तरी ती जात नसे, आणि बायकोने त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं. लिफ्ट चालू असली की या माणसाची कुणाला आठवण नाही, बंद पडली की देवाच्या आधी यांचं नाव. काकांना त्याचं सुखही नव्हतं आणि दुःखही. त्यांचं चित्त दुसरीकडे होतं. ते परग्रहांवरच्या गोष्टी वाचत.

वाचत म्हणजे कसं, तर नेम घेतल्यासारखं. कामाच्या पिशवीत पाने, पकडी, बॅटरी आणि फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक. एखाद्या इमारतीत सुटा भाग येईपर्यंत खोळंबून राहावं लागलं की हे जिन्याच्या पायरीवर बसून तिसऱ्याच सूर्याभोवती फेरी मारून येत. "काका, वर जायची एवढी हौस बरी नव्हे," असं कुणी म्हटलं तर पानावरून नजर न काढता म्हणत, "आधी तुम्हाला पोचवतो, मग मी."

पुस्तकं येत ती वाचनालयातून. वाचनालय एका बँकेच्या वर, लांबट हॉलमध्ये होतं. जिना चढून गेलं की समोर ग्रंथपालबाईंचं टेबल आणि त्यावर पाटी: 'पुस्तक क्रमांक सांगून मागावे.' बाई या पाटीच्या बाबतीत फार कडक. नाव सांगून पुस्तक मागणाऱ्याकडे त्या चष्म्यावरून अशा बघत की तो निमूट कपाटाशी जाऊन पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा वाचून येई. त्यामुळे विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या कपाटांतली पुस्तकं आकड्यांनीच ओळखली जात. "छत्तीस वाचलंत का? रडवतं हो." "एक्क्याऐंशी सुरुवातीला चांगलं आहे, शेवटी फसलंय." नवख्या माणसाला वाटावं, तुरुंगातल्या कैद्यांबद्दल बोलणं चाललंय.

काकांचं दैवत म्हणजे क्रमांक दोन. एक क्रमांकाचं पुस्तक कुणीतरी नेलं ते परत आलंच नव्हतं, त्यामुळे रांगेत सर्वांत पुढे हेच. गोष्ट अशी की एका ग्रहावरचा समुद्र आटून गेलेला असतो आणि तिथल्या दीपगृहात एक बाई रोज दिवा लावते. जहाज येणार नाही हे तिला ठाऊक असतं. त्या पुस्तकाच्या कार्डावर वरपासून खालपर्यंत बहुतेक काकांचीच सही होती. त्यांनी कितीजणांना ते गळी उतरवायचा प्रयत्न केला. लोक भिडेखातर नेत आणि चाळिसाव्या पानाच्या आसपास त्यांच्या घरी पाहुणे येत किंवा डोळे दुखू लागत. काकांना पुस्तक स्वतःच्या मालकीचं नको होतं. त्यांना एक माणूस हवा होता, ज्याने ते शेवटपर्यंत वाचलंय आणि ज्याला विचारता येईल की त्या बाईने शेवटी केलं ते बरोबर केलं की चूक. एवढी साधी मागणी, पण ती काही पुरी होत नव्हती.

वाद घालायला मात्र माणूस होता. दातांचे डॉक्टर. हे अद्भुतकथांचे भक्त, क्रमांक एकशे अठराचे विशेष. दवाखाना बंद करून ते वाचनालयात येत आणि मग वाचायच्या टेबलावर जुंपे.

"तुमच्या ग्रहावर समुद्रच नाही, मग दीपगृह कशाला?" डॉक्टर म्हणत.

"वाचा म्हणजे कळेल."

"चाळीस पानं वाचली की. बाई वात कापते, काच पुसते, झोपते. उठून परत वात कापते."

"एकेचाळिसावं वाचा."

"माझ्या एकशे अठरात पहिल्याच पानावर राजा स्वतःची सावली गहाण टाकतो."

"आणि भर दुपारी सावली पायाखाली गेली की सावकार काय जप्त करतो? चप्पल?"

"विज्ञानकथेत कारण सांगतात काका, अद्भुतकथेत किंमत सांगतात. कारणं ऐकून कुणाचं पोट भरलंय?"

"दोघंही हळू बोला," बाई टेबलावरून म्हणत. "तिकडे एकजण झोपलाय, तो उठेल."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना बँकेने अर्धा हॉल परत मागितला. या पुस्तकांची दोन मोठी कपाटं होती, आता एकच लहानसं राहणार आणि त्यात पंचवीस पुस्तकं मावणार. बाकीची पेट्यांत भरून बँकेच्या मागच्या गोदामात. पेटीत गेलेलं पुस्तक म्हणजे माळ्यावर टाकलेलं मोठं पातेलं. आहे आहे म्हणायचं, पण काढायचं कधी नाही. कुठली पंचवीस ठेवायची ते वाचकांनी मत देऊन ठरवावं, असं बाईंनी सुचवलं. त्यावरही वाद झालाच. विज्ञान आणि अद्भुत एकाच यादीत कशी बसवायची, असं काकांचं म्हणणं. "एका कपाटात बसतात, यादीत बसायला काय झालं?" बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

मतपत्रिकेचा मजकूर बाईंनी लिहिला: 'आपल्या आवडीच्या पाच पुस्तकांची नावे लिहून प्रत्येकापुढे पसंतीचा क्रमांक लिहावा.' काकांनी तो वाचला आणि पेन्सिलीने 'पसंतीचा' हा शब्द खोडला.

"का खोडलात?"

"सूचना नेहमी थोडक्यात हवी. लिफ्टमध्ये माणूस घाबरलेला असतो, त्याला विशेषणं वाचायला वेळ नसतो."

"इथे कोण घाबरलंय?" बाईंनी विचारलं. पण खोडलेलं तसंच छापून आलं.

पत्रिका भरून आल्या. बाईंनी आकडे संगणकात घातले, यंत्राने सरासरी काढली. ज्याची सरासरी सर्वांत कमी ते पुस्तक सर्वांत वर, आणि निदान तीन मतं हवीत, एवढाच नियम. निकाल फळ्यावर लागला तेव्हा पहिल्या ओळीत होतं क्रमांक दोन. एकशे अठरा कुठेतरी तळाला, पेटीच्या वाटेवर.

डॉक्टर फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, दोन द्या." त्यांच्या मागे आणखी दोघं तेच मागायला उभे होते. पहिलं आलेलं पुस्तक कुणाला नको असतं? बाईंना आयुष्यात प्रथमच त्या पुस्तकासाठी प्रतीक्षेची नावं लिहून घ्यावी लागली. पुस्तक बगलेत मारून डॉक्टर जाताना काकांना म्हणाले, "बघतोच, एवढं काय सोनं लागलंय त्याला."  घरी गेल्यावर काकांनी आपण होऊन दुसऱ्यांदा चहा मागितला, तेव्हाच बायकोने ओळखलं की काहीतरी चांगलं घडलंय.

"पहिलं आलं," ते म्हणाले.

"तुमचं ते दिवाबत्तीचं? बरं झालं. देवाने ऐकलं म्हणायचं." ती धान्य निवडत होती. "आणि माझं कितवं आलं हो?"

"तू पण भरली होतीस पत्रिका?"

"बाईंनी हातात दिली, मग भरली. तुम्ही आणता त्यातलंच वाचते ना मी उरल्या वेळात? ते बोलक्या झाडांचं लिहिलं मी पहिलं."

"त्याला कितवा क्रमांक दिलास?"

"शेहेचाळीस."

काकांचा कप ओठाशी थांबला. "अगं, एक ते पाचमधला आकडा लिहायचा होता."

"मग तसं लिहायचं होतं तुम्ही. क्रमांक लिहा म्हटलंत, मी पाठीवरचा क्रमांक लिहिला. ते शेहेचाळीसच आहे, बघून या हवं तर. अहो, घरात सतरा आणलं, बेचाळीस परत केलं, हेच तर ऐकते मी. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनीही तसंच लिहिलंय, आम्ही दोघींनी मिळून भरलं."

काकांनी कप खाली ठेवला. यंत्र बिघडलं की पहिला दोष कुठे ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळे, तसं हेही कळलं. ज्यांना एकशे अठरा मनापासून आवडलं त्यांनीच त्याच्यापुढे एकशे अठरा लिहिलं असणार. जितकं जास्त प्रेम तितकी सरासरी खड्ड्यात. आणि क्रमांक दोनला मतं पडली होती मोजून तीन. एक त्यांचं स्वतःचं, दोन शेजाऱ्यांची, तीही भिडेखातर यादीच्या शेवटी. त्या भल्या माणसांनी आपलं पुढे लिहिलं असणार: दोन.

"तू माझं लिहिलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. खोटं कशाला लिहू? चाळीस पानांत त्या बाईच्या घरी एकदा चूल पेटत नाही."

काकांनी लगेच जाऊन सांगायला हवं होतं. ते गेले नाहीत. कारण पुस्तक डॉक्टरांकडे होतं. चूक उघड झाली तर डॉक्टर हसतील, पुस्तक तसंच मिटून परत करतील आणि ते पेटीत जाईल. डॉक्टर आता कुठल्या पानावर असतील, याचा हिशोब करत काका कामावर जात राहिले. बायकोने एकदाच विचारलं, "सांगितलंत का बाईंना?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मी देवाला सांगून ठेवलंय, तो काही तुम्हाला सुखाने जेवू देणार नाही."

त्याच आठवड्यात एका जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट चांगली चालत होती, फक्त आतला आकडा एक मजला पुढचा दाखवत होता. तिसऱ्यावर राहणाऱ्या एक आजी आकडा बघून दुसऱ्यावरच उतरल्या होत्या आणि परक्या दाराच्या कुलपात आपली किल्ली फिरवत बसल्या होत्या. आतल्या माणसांनी चोर चोर म्हणून अख्खा जिना गोळा केला होता.

"एवढंसंच तर आहे," इमारतीचे चिटणीस म्हणाले. "सवडीने करा. लिफ्ट चालतेय ना?"

"चालतेय म्हणूनच करायला हवं," काका म्हणाले. "बंद असती तर आजी जिना मोजत आपल्या दारात गेल्या असत्या."

बोलता बोलता त्यांना फळ्यावरची पहिली ओळ आठवली. मग आकडा जुळवून, वरखाली दोन फेऱ्या मारून बघून, तसेच काळ्या हातांनी वाचनालयात गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काका, फळा लिहून झालाय."

"पुसा."

"तुमचं पुस्तक पेटीत जाईल."

"ठाऊक आहे."

"कुणाच्या लक्षातही आलेलं नाही."

"तुमच्या आलं ना आता?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मला ते आकडे भरताना विचित्र वाटले होते," त्या म्हणाल्या. "पण यंत्राने काही तक्रार केली नाही, मग मी कशाला करू?"

फेरमोजणी झाली. जिथे पाठीवरचे आकडे होते तिथे ज्या ओळीत पुस्तक लिहिलं तीच पसंती धरली. एकशे अठरा पहिलं आलं, बोलकी झाडं चौथी, आणि क्रमांक दोन पंचविसाच्या कितीतरी खाली. प्रतीक्षेतल्या दोघांनी आपली नावं खोडून घेतली. पेट्या भरल्या गेल्या, दोरीने बांधल्या गेल्या. एक पुस्तक तेवढं भरायचं राहिलं, कारण ते डॉक्टरांनी परत केलं नव्हतं. बाईंनी निरोप पाठवला, उत्तर नाही. डॉक्टर वाचनालयात फिरकलेही नाहीत. जिंकलेला माणूस मिरवायला येतो. हा येत नाही म्हणजे रागावला असणार, असं काकांनी गृहीत धरलं आणि विषय मनातून काढायचा प्रयत्न केला.

पुढे काही दिवसांनी त्यांची दाढ ठणकायला लागली. गावात दातांचे डॉक्टर दुसरेही होते. पण इतक्या वर्षांनंतर दुसऱ्याकडे जाणं म्हणजे भांडण झालंय हे जाहीर करणं. काका गेले.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, हिरडीत सुई दिली, गालात कापूस कोंबला, वरचा दिवा ओढला आणि आरसा आत घालून शांतपणे म्हणाले, "तुमच्या त्या बाईने चूक केली."

काकांचे डोळे मोठे झाले.

"हलू नका. आकड्यांचा घोळ मला बाईंकडून कळला तेव्हा मी शेवटच्या भागात होतो. अशा ठिकाणी सोडतं का कुणी? पुरं केलं. इतका राग आला की पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अख्खा जन्म ती दिवा सांभाळते, आणि शेवटच्या ओळीत विझवून टाकते? मग आम्ही तीनशे पानं कशासाठी जागलो?"

काकांनी बोट वर केलं.

"बोट खाली. आधी दाढ."

काकांनी बोट खाली घेतलं नाही. डॉक्टरांनी कंटाळून कापूस काढला. "थुंका आणि बोला."

"विझवत नाही ती," काका म्हणाले. जीभ जड होती, शब्द अर्धेच उमटत होते. "मोठा करते. वाढवते."

डॉक्टरांनी हातमोजा काढला, हत्यारांच्या खालचा खण ओढला आणि पुस्तक बाहेर काढलं. शेवटचं पान काकांच्या डोळ्यांपुढे धरलं. "हे बघा. 'तिने दिवा वाढवला.' आमची आजी रोज म्हणायची, दिवा वाढव आणि नीज. विझव असं घरात तोंडातून काढू नये. वाढवला म्हणजे विझवला."

काकांनी ती ओळ वाचली. आजवर कितीदा वाचली असेल, पण हा अर्थ त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. त्यांनी परत वाचली. एवढीशी ओळ, आणि ती बाई एकाच्या डोळ्यांपुढे अंधारात उभी होती, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे उजेडात.

"जरा द्या इकडे," ते म्हणाले. "घरी नेतो. पहिल्यापासून बघायला हवं. चार दिवसांत परत करतो."

"मिळणार नाही. माझ्या नावावर आहे."

"दोनदा झालं ना वाचून?"

"तिसऱ्यांदा वाचतोय," डॉक्टर म्हणाले आणि पुस्तक खणात टाकून त्यांनी खण लावला. "आता तुमच्या अर्थाने. आ करा."