आईच्या आवाजातली भागाबाई

संदेशला साडी नेसायला शिकवलं ते त्याच्या देवराममामाने. टोकावड्याच्या बाजूला मामाचं गाव. तिथल्या जत्रेत दरवर्षी नाटक व्हायचं आणि गावातली एकही बाई रंगमंचावर चढायला तयार नसायची, म्हणून बायकांची कामं पुरुषच करायचे. मामा तरुणपणी नायिका व्हायचा. पोट सुटल्यावर त्याने ते काम भाच्याकडे सोपवलं. संदेश अंगाने बारीक, आवाजाने पातळ. मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि जत्रा आली की कधी नणंद, कधी सावत्र आई, कधी सासू व्हायचा. सासू झाला की लोक हसून हसून मांडी घातलेल्या जागी लोळायचे.

अशाच एका नाटकाचा तुकडा कोणी तरी मोबाइलवर टाकला आणि तो फिरत फिरत ठाण्याच्या मालिकावाल्यांपर्यंत गेला. त्यांची नवी विनोदी मालिका यायची होती, ‘भागाबाईंचं घर’. एक घर, दोन सुना आणि सगळ्यांच्या उरावर बसलेली सासू भागाबाई. ही भागाबाई पुरुषाने करायची असं ठरलेलं. त्यांनी संदेशला बोलावून घेतलं.

पहिल्या तालमीला त्याने जत्रेतली सासू केली. डोळे वटारले, कमरेवर हात ठेवले, मोठ्याने ओरडला. कोणी हसलं नाही. दिग्दर्शक भला माणूस होता. तो म्हणाला, “आवाज नका चढवू. ही सासू खोटी वाटते. तुमच्या घरात कोणी नाही का तसं?”

होती. संदेशने क्षणभर विचार केला आणि पदर कमरेला खोचला, जसा त्याची आई जनी खोचायची. मान जराशी तिरकी केली. आणि ओरडायच्या ऐवजी अगदी हळू, नाकातून बोलला, “असूं दे गो. तुला कुठं जमणार. तुझ्या आयशीला तरी कुठं जमलं.”

सगळा सेट हसला. चहा देणारा माणूससुद्धा किटली खाली ठेवून हसला. त्या दिवसापासून भागाबाई जनीसारखी बोलू लागली, जनीसारखी चालू लागली आणि सुनेच्या हातचा पहिला घास घेऊन जनीसारखीच थांबू लागली. घास तोंडात, डोळे छताकडे, आणि सगळं घर तिच्या निकालाची वाट बघतंय.

मालिका चालली. गावात संदेशचा फोटो असलेला बॅनर लागला. मुरबाडच्या स्टँडवर लोक त्याला थांबवून भागाबाईचं एखादं वाक्य म्हणायला लावू लागले, आणि तो म्हणायचा. कारखान्याची नोकरी त्याने सोडून दिली. शूटिंग नसलं की तो घरी यायचा, तेव्हा ओटीवर आळीतल्या बायका टीव्हीसमोर जमलेल्या असायच्या आणि त्यांच्या मधोमध जनी. सगळ्यांत जास्त तीच हसायची. म्हणायची, “काय अवदसा आहे गो ही. असली सासू वैऱ्यालाही मिळू नये.” हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. संदेश बाजूला बसून तिच्याकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, बरं झालं, कळलं नाही. पुढे पुढे तर त्याला यात काही वाटेनासंच झालं.

संदेशची बायको रेश्मा मात्र हसायची नाही. ती चुलीपाशी काही ना काही करत राहायची. बोलावलं तर म्हणायची, “आवाज येतो मला इथून.”

रोजची मालिका म्हणजे रोज नवा विनोद हवा. लेखक संदेशला विचारू लागले, गावाकडचं काही सांगा, घरातलं काही सांगा. आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने त्यांना पिठाच्या डब्याची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट त्याच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली. जनी शेतावर जायच्या आधी तांदळाच्या पिठाचा डबा उघडायची, पीठ सारखं करायची आणि त्यावर आपला पंजा उमटवून झाकण लावायची. मागे सुनेने पीठ घेतलं तर ठसा मोडणार. रेश्मा तेव्हा पोटुशी होती आणि तिला वेळी-अवेळी भूक लागायची. एक दिवस तिने एका भाकरीपुरतं पीठ काढलं, उरलेलं सारखं केलं आणि त्यावर आपलाच हात दाबला. पण तिचा हात लहान. संध्याकाळी जनीने झाकण उघडलं, एकदा पिठाकडे बघितलं, एकदा सुनेच्या हाताकडे, आणि मग सून पीठ चोरते असं तिने साऱ्या आळीला ऐकवलं. संदेश कामावरून आला तेव्हा रेश्मा मागच्या पडवीत बसून रडत होती. भुकेचं आणि पिठावर हात दाबल्याचं तिने त्याला सांगितलं होतं, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही नाही.

लेखक पोट धरधरून हसले. संदेशलाही सांगताना हसू आलं. आपण हसतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो भाग लागला त्या संध्याकाळी तो घरीच होता. ओटी भरलेली होती. पडद्यावर भागाबाईने पीठ सारखं केलं, बोटं पसरली आणि मोठ्या झोकात पंजा दाबला. बायका हसल्या. जनीही हसली, पण ते हसू मध्येच थांबलं. पडद्यावरच्या सुनेने आपला लहानसा हात पिठावर ठेवला तेव्हा जनीने मांडीवरचे दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

शेजारची बुधी म्हातारी, तिच्या मनात काही नव्हतं, ती सहज म्हणाली, “जने, तुझापण पंजा असायचा ना गो डब्यात?”

पुन्हा हशा झाला. मग एकेक बाई हसायची थांबली. कोणी टीव्हीकडे बघेना, कोणी जनीकडे बघेना. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि मागचं दार उघडल्याचा.

संदेश रेश्माच्या मागे परसात गेला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. त्याने नुसतं तिचं नाव घेतलं.

रेश्मा त्याच्याकडे वळली. ती रडत नव्हती. म्हणाली, “तेव्हा मी तुमाला सांगितलं, तर तुमी आईला एक शब्द बोलला नाय. आई आहे, समजून घे, बोललात. आता सगळ्या दुनियेला सांगितलंत. ते पण हसवायला.”

संदेशच्या कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या आणि आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. ती बोलली त्यात एक अक्षर जास्तीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जनी बदलली. तिने चुलीकडे जाणं बंद केलं. चहा हवा असला तरी दारात उभी राहून विचारायची, “थोडा च्या मिळंल का गो?” परक्या घरी आल्यासारखी. जेवणात मीठ कमी असलं तरी ती गुमान जेवायची. संदेशला वाटायचं, तिने भांडावं, शिव्या द्याव्यात, निदान ताटाला नाव तरी ठेवावं. ती काहीच करायची नाही.

चार दिवसांनी तो शूटिंगला निघाला तेव्हा ती अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, “ती भागाबाय मीच ना रे?”

“नाय आई,” तो म्हणाला. “लेखक लिहितात ते. मी नुसतं बोलतो.”

जनीने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच बघायची, पण तेव्हा त्या बघण्यात राग असायचा. आज नव्हता. ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

“माझ्या सासूनं माझ्या डब्यात पंजा मारला, मी हिच्या डब्यात मारला,” ती म्हणाली. “मी पण तवा रडलेली. तरी मारला.” मग अगदी हळू, “माझ्या भावाकडे पण लागतं का रे ते टीव्हीवर?”

देवराममामा एकही भाग चुकवत नसे. संदेशने मान हलवली. जनीने पदर डोक्यावरून पुढे ओढला, अंगणात दुसरं कोणीही नसताना.

त्या दिवशी सेटवर त्याने सांगून टाकलं की आता भागाबाई करणार नाही, आणि जमलं तर भागाबाईच बंद करा. दिग्दर्शकाने त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुम्हाला सोडायचं तर सोडा. पण भागाबाई आता तुमची राहिली नाही हो. लोकांची झाली.”

पंधरवड्यात दुसरा नट आला. चांगला होता. त्याने जुने भाग बघून सगळं उचललं, खोचलेला पदर, तिरकी मान, नाकातला आवाज. संदेशने जनीला कधी न बघितलेल्या त्या माणसाच्या अंगात आपली आई बघितली आणि टीव्ही बंद केला. घरापुरताच बंद झाला तो. स्टँडवर, टपरीवर, एसटीत पुढच्या सीटवरच्या पोराच्या मोबाइलमध्ये जनी बोलतच होती, “असूं दे गो. तुला कुठं जमणार.” कारखान्याने त्याला परत घेतलं, पण कंत्राटावर. लोक विचारायचे, का सोडलं. तो म्हणायचा, रोजचं जाणं-येणं झेपत नव्हतं.

उन्हाळ्यात देवराममामाच्या नातीचं, वैष्णवीचं लग्न निघालं. जनी म्हणाली, मी नाय येत, गुडघे दुखतात. न येण्याचं खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. रेश्माने सासूची चांगली साडी ट्रंकेतून काढली, उन्हात टाकली आणि म्हणाली, “चला. मी आहे ना बाजूला.”

वाटेत संदेशने मनाशी ठरवलं होतं, कोणी आईला काही बोललंच तर आपण उठून बोलायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, चूक माझी आहे. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, नाटकातली पाठ करावीत तशी.

हळदीच्या मांडवात बायका दाटीने बसल्या होत्या. वैष्णवीच्या मैत्रिणींपैकी एकीने जनीला बघितलं, दुसरीला कोपर मारलं आणि नाकातून आवाज काढून म्हणाली, “भागाबाई आल्या गो, डबे लपवा.” पोरी फिदीफिदी हसल्या. जनीची मान खाली गेली.

संदेश मांडवाच्या कडेला, पुरुषांत उभा होता. त्याने तोंड उघडलं. पाठ केलेलं पहिलंच वाक्य आठवेना.

तेवढ्यात रेश्मा बोलली. आवाज न चढवता, पण मांडवभर ऐकू जाईल असं. “माझ्या सासूला काय बोलायचं ते मी बोलेन. मला तो हक्क आहे. तुमाला नाय.”

पोरी बाजूला सरकल्या. रेश्माने हळदीची वाटी उचलली, जनीच्या हातात दिली आणि तिला नवरीकडे घेऊन गेली. जनीचा हात तिने कोपराशी धरला होता.

मामा संदेशजवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जेवणं झाल्यावर जरा भागाबाईचं करून दाखव ना, व्याही मागे लागलेत. संदेशने नाही म्हणून सांगितलं. मामाला वाईट वाटलं, पण तो निघून गेला.

पंगतीत संदेश खाली मान घालून जेवला. समोरच्या रांगेत त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि भातावर वरण वाढणाऱ्याला रेश्मा सांगत होती, आईंना थोडं कमी वाढा. त्याला एकदा त्यांच्याकडे बघायचं होतं. वाढपी दोनदा येऊन गेला तरी त्याला डोळे वर करता आले नाहीत.