मिणमिणती बटणं

स्वस्त हॉटेलात ट्यूबलाइटखाली आमटीतली मोहरीसुद्धा मोजता येते. महागड्या हॉटेलात आपण काय खाल्लं हे बिल आल्यावर कळतं. आखातात इतकी वर्षं काढल्यावर हा नियम मला पाठ झाला होता. तो रेडिओलाही लागू असेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

बाबा थंडीपुरते व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. थंडी म्हणजे इथे बाल्कनीत माणसासारखं बसता येण्याचा काळ. नोकरीभर ते रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. भुसावळला कानाला हेडफोन लावून स्टेशनांना गाडी कुठवर आली हे विचारत राहायचे. अल नहदा भागातल्या आमच्या अकराव्या मजल्यावर त्यांना विचारायला कुणी नव्हतं. बाल्कनीसमोरून दुबईला उतरणारी विमानं एकामागून एक जात. बाबा विचारत, "हे कुठलं?" मी फोनवर बघून कोचीनचं किंवा लंडनचं असं सांगे. ते नुसतं "बरं" म्हणत. एकदा मात्र म्हणाले, "हे लोक आपसात काय बोलतात, ते ऐकायला मिळालं तर मजा आहे."

मी स्कॅनर घेतला. आकाशातल्या आणि समुद्रावरच्या संभाषणांवरून फिरत राहणारा आणि कुणी बोलत असेल तिथे थांबणारा हा रेडिओ. तो फक्त ऐकतो, बोलत नाही. हा गुण असलेला आमच्या घरात तो एकटाच होता. रीतसर परवानगी काढली. किंमत ऐकून बाबांनी मोठ्यानं हिशेब केला, "अडीच हजार दिरहॅम. म्हणजे साठेक हजार रुपये!" आणि यंत्राकडे एकदम आदरानं पाहिलं. मला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. विमानं नीट दिसावीत म्हणून बाल्कनीतला दिवा बंद केला, आणि दिव्याबरोबर रेडिओची बटणंही गेली. वरचा पडदा उजळ होता, पण आकड्यांच्या बटणांखाली विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढा उजेड, तोही दोन क्षण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले बाबा बोट हवेत धरून थांबले. "दिवा लाव रे." दिवा लावला, तर उजेडात आम्ही दोघंच उरलो आणि विमानं नाहीशी झाली. मग बाबा आकडे सांगू लागले आणि मी मोबाइलच्या टॉर्चवर बटणं दाबू लागलो. चुकलो की ते "असू दे" म्हणत. नोकरीत त्यांनी कुणाला "असू दे" म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

दुकानात तक्रार नेली. सेल्समननं माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "सर, प्रीमियम मॉडेल में ऐसा ही आता है. ज़्यादा लाइट सस्तेवाले में होती है." माहितीपुस्तिकेत या प्रकाराला 'संयत प्रकाशयोजना' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. संयम कुणी बाळगायचा, ते लिहिलं नव्हतं. मायदेशी परत जाताना सगळं विकायचं असतं म्हणून इथे आम्ही नव्या वस्तूवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढत नाही. तोही मी जड मनानं सोलला. बटणं तेवढीच मिणमिणत राहिली. वर पुनर्विक्रीची किंमतही गेली.

आमच्या शेजारच्या दारात कोल्हापूरकडचा एक गृहस्थ राहतो. शिपिंग कंपनीत आहे, बायको-मुलं गावी. माझा स्कॅनर बघून त्यानं पुढच्याच सुट्टीला ड्रॅगन मार्टच्या स्वस्त चिनी बाजारातून दोनशे दिरहॅमचा एक आणला. परवानगी कशी काढायची, हे त्याला मीच समजावून सांगितलं. त्याच्या यंत्राची बटणं अशी निळी पेटायची, की गणपतीच्या मंडपात ठेवलं असतं तर वेगळी रोषणाई लागली नसती.

"काय ओ काका, या की! बसा हितं. तुमीच दाबा, मला त्यातलं काय कळतंय!"

बाबा त्याच्याकडे गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग ऑफिसातून आल्यावर मी "आजोबा कुठे?" असं विचारायचं आणि मुलीनं मान वर न करता "नेक्स्ट डोअर. अगेन." म्हणायचं, असा रिवाजच पडला.

आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये एक भिंत आहे. तिच्यातून शब्द येत नाहीत, हसणं येतं. मी साठ हजारांचा रेडिओ मांडीवर घेऊन शेजारचं हसणं ऐकत बसे. एकदा बाबांचा चष्मा द्यायचं निमित्त काढून गेलो. ते निळ्या उजेडात भडंग खात बसले होते आणि शेजाऱ्याला एका पावसाळी रात्रीची गोष्ट सांगत होते. रुळाखालची माती वाहून गेलेली, एक पॅसेंजर निघालेली, पुढच्या स्टेशनचा फोन बंद. शेवटी एका गेटमननं कंदील दाखवून ती थांबवली.

"आणि मग घरी जाऊन पोराला उठवलं," बाबा म्हणाले. "उगीचच. बघितलं आणि परत झोपवलं."

पोरगा मी होतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. चष्मा ठेवून मी परत आलो.

"त्या रेडिओत आहे काय एवढं?" मी बायकोला म्हणालो. "आवाज तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो."

"बाबांना बटणं दिसतात."

"आपल्या यंत्राला लाइटच नाही तर मी काय करू?"

तिनं हातातलं काम सोडलं, ड्रेसिंग टेबलावरून टिकल्यांचं पाकीट आणलं, आणि मी 'अगं' म्हणेपर्यंत पाचाच्या बटणावर एक, शून्यावर एक आणि खालच्या कोपऱ्यातल्या बटणावर एक अशा मखमली टिकल्या चिकटवल्या.

"साठ हजारांच्या वस्तूला टिकल्या?"

"मी रोज लावते. माझी काही किंमत कमी झाली?"

मी घाईघाईनं रेडिओत लक्ष घातलं. "दिसायला कशाला हवं?" ती म्हणाली. "हाताला लागलं म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना शेजारच्या दाराकडे वळण्याआधीच गाठलं. ते बाल्कनीत बसले. मी दिवा बंद केला. त्यांचं जाड बोट बटणांवरून फिरलं, पाचावर थांबलं, वर गेलं, खाली आलं. "हां," ते म्हणाले, "आता गाडी रुळावर आली." एक वैमानिक उतरायची परवानगी मागत होता. बाबा कान देऊन ऐकत राहिले. "हा कंट्रोलर चांगला आहे. ओरडत नाही." मी खुर्ची जवळ ओढली. त्या पावसाळी रात्रीबद्दल कसं विचारावं, याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

"काका आज आलं न्हाईत?" शेजारी भडंगाचा डबा घेऊन उभा होता.

"ये, ये!" बाबा आतून ओरडले. मला म्हणाले, "अरे, त्याला खुर्ची दे." बाल्कनीत दोनच खुर्च्या मावतात. मी उंबऱ्यावर बसलो. बाबांनी त्याचं बोट धरून टिकल्यांवरून फिरवलं आणि तो लहान मुलासारखा खूश झाला.

"आयला, भारीच की! वहिनी, आमच्या रेडूला बी द्या की दोन-चार."

"तुमच्या रेडिओला काय गरज?" मी म्हणालो. "तुमची बटणं तर अख्ख्या बिल्डिंगला दिसतात."

"असू दे रे," बाबा म्हणाले. "शोभेला."

बायको आत गेली. आमच्या यंत्राला तिनं रोजच्या वापरातल्या, साध्या लावल्या होत्या. त्याच्यासाठी तिनं लग्नाकार्याचं पाकीट उघडलं आणि खड्यांच्या काढून दिल्या.