काठांचा निळा रंग

ढोकीत माझं झेरॉक्सचं आणि फोटोचं दुकान आहे. स्वस्तातल्या शाईनं मला जेवढं छळलंय तेवढं एखाद्या गिऱ्हाइकानंही छळलं नसेल. तिची कार्ट्रिज चालते तोवर झकास चालते. चार दिवस दुकान बंद राहिलं की शाई आत वाळते आणि प्रिंटर तोंड फुगवून बसतो.

त्या सकाळी असंच चार दिवसांनी कुलूप काढलं तेव्हा एक बाई पायरीवरच बसलेली होती. मोबाइल पुढं करून म्हणाली, "दादा, आई गेली माझी, तिचा मोठा फोटू काढून द्या. अकराला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय, बुद्धमूर्तीच्या बाजूला ठिवायचाय." फोटोतली म्हातारी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून हसत होती.

प्रिंट आली ती बघून मला घाम फुटला. चेहरा तांबडालाल आणि साडीचे काठ चक्क गुलाबी. निळी शाई चोंदली होती.

"ही साडी गुलाबी न्हाय," बाई हळूच म्हणाली.

"दिसतंय मला, ताई." मी तिच्यावर उगाचच खेकसलो. मग जरा नरमाईनं म्हणालो, "काळापांढरा काढून देऊ का? तो चांगला येईल."

"न्हाय. उभा जल्म ऊस तोडला तिनं, नेसली ती दुसऱ्यांची जुनी लुगडी. ही एकच साडी तिनं सोता पसंत करून घेतली. निळीच दिसाय पायजे."

दुसरं दुकान थेट धाराशिवला. जाऊन यायला वेळ नव्हता. घड्याळात दहा वाजायला आले होते.

आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की त्यानं प्रिंटरचं हेड, म्हणजे शाई सोडणारा बारीक भोकांचा भाग, धुतलं तर उरलीसुरली भोकंही बुजतात. मी समोरच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात पळालो आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मागितलं. बाटली आम्लाची तर नाही ना, हे दोनदा विचारलं. मेकॅनिक हसला. मला हसू येत नव्हतं.

पाणी कोमट केलं, सुती कापड भिजवून त्यावर हेड टेकवलं आणि वरून सिरिंजनं थेंबथेंब पाणी सोडत राहिलो. जोर लावला की हेड कायमचं जातं. कापडावर शाईचा मागमूस नव्हता. बाहेर बाईला घेऊन आलेला रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाई माझ्या हातांकडं टक लावून बघत होती, त्याचाच मला जास्त धाक वाटत होता.

बऱ्याच वेळानं कापडावर निळा डाग उमटला. मग तो पसरला.

दुसऱ्या प्रिंटला म्हातारी जशीच्या तशी आली, निळ्या काठांसकट. बाईनं फोटो हातात घेतला आणि तिचे ओठ थरथरायला लागले. बहुतेक तोवर ती रडलीच नव्हती, कार्यक्रमाची सगळी धावपळ तिच्याच अंगावर होती. आणि मी काय म्हणालो? "ताई, वर पाणी पडू देऊ नका. ही शाई एका थेंबानं पसरते."

ती रागावली नाही. फोटो तिनं परत माझ्या हातात दिला, भिंतीकडं तोंड केलं आणि मग रडली. तिचं रडणं थांबेपर्यंत मी तिच्या आईला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.